ओल्या भिंतीची साक्ष

भित्तिश्रवणाचा शोध लागला तेव्हा जगभरच्या विचारवंतांनी एकमुखाने सांगितले, की मानवजातीच्या इतिहासातले असत्याचे युग आता संपले. राजवाड्यांतली खलबते, तहांच्या वाटाघाटी, तुरुंगांतले कबुलीजबाब, सारे काही चुन्याच्या गिलाव्यात गोठून राहिले आहे आणि यंत्र लावले की ते जसेच्या तसे ऐकू येणार आहे, असे वर्तमानपत्रांत छापून आले. नंतर लक्षात आले, की भिंतीला ऐकू येते ते ती ओली असेपर्यंतच. आणि ओल्या भिंतीपाशी उभे राहून बोलतो कोण, तर गवंडी. त्यामुळे पहिल्या सहा वर्षांत या शोधातून मानवजातीच्या हाती जे ज्ञान आले, ते मुख्यतः आज डब्यात काय आणले आहे याविषयी होते.

सोनसळच्या हितवर्धिनी विद्यालयावर या यंत्राचे पाय धरण्याची वेळ आली ती २०६१ साली, शाळेच्या शताब्दीच्या वर्षात, आणि तीही एका आदेशामुळे.

शाळांनी इतिहासाला प्राधान्य द्यावे की विज्ञान-तंत्रज्ञानाला, यावर राज्य विषय-प्राधान्य मंडळात एकोणीस वर्षे चर्चा चालली होती. इतिहासवाद्यांचे म्हणणे, मुळे विसरलेले झाड वठते. विज्ञानवाद्यांचे म्हणणे, नुसती मुळे कवटाळून बसलेल्या झाडाला फळ येत नाही. एकोणीस वर्षांत चर्चा झाडावरून खाली उतरली नाही. शेवटी अवघड प्रश्नाचे कोणतेही मंडळ जे करते तेच या मंडळाने केले, म्हणजे तो खाली ढकलला. प्रत्येक शाळेने आपल्या संस्थापकांचा मूळ हेतू शोधावा आणि त्या हेतूला आठवड्याच्या चौदा प्राधान्य-तासिकांपैकी बारा द्याव्यात. उरलेल्या दोन इतरांना. हेतूचा पुरावा जोडावा. पुरावा अखंड असावा, त्यावर दोन्ही विषयांच्या शिक्षकांची प्रमाणपत्रे असावीत आणि समारंभातील शोभेची वाक्ये ग्राह्य धरली जाणार नाहीत.

दोन तासिकांसाठी कोणी शिक्षक ठेवत नाही. दोन तासिकांचा शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो, आणि अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाचे समायोजन होते. सोनसळहून समायोजन होण्यासारखी एकच जागा रिकामी होती, ती डोंगरपिंपळच्या शाळेत. डोंगरपिंपळला मंगळाशी बोलणारा मनोरा होता. पण तिथे जायला एसटी होती ती दिवसातून एक, आणि शनिवारी तीही नव्हती.

ईश्वरी खरमाटे बावीस वर्षे हितवर्धिनीत इतिहास शिकवत होत्या. घरी सासरे अंथरुणाला खिळलेले होते. त्यांना आता माणसे ओळखू येत नसत, पण खरमाटे मॅडमचा आवाज ओळखू येई. त्या शाळेतून आल्या, की म्हातारा विचारायचा, "आज कोण मेलं?" मग मॅडम त्या दिवशी वर्गात ज्या राजाला मारले असेल त्याची हकिगत सांगत आणि म्हातारा समाधानाने पेज पिई. डोंगरपिंपळहून ही हकिगत कशी सांगणार, हे त्यांना सुचत नव्हते.

शिक्षकखोलीत त्यांच्या समोरच्या खुर्चीवर विज्ञानाचे दुधगावकर सर बसत. दोघांपैकी एकाला डोंगरपिंपळ अटळ होते, म्हणून अलीकडे दोघे एकमेकांशी फारच बोलू लागले होते.

"मॅडम, माणसं मंगळावर कांदा पिकवायला लागली," सर डबा उघडत म्हणाले. "आणि तुम्ही पोरांकडून अजून तहाची कलमं पाठ करून घेताय."

"त्या कांद्याला भाव मिळेना म्हणून मागच्या वर्षी मंगळावर आंदोलन झालं, सर. इथं त्याआधी शंभरदा झालंय. कलमं पाठ असती तर आधी कळलं असतं."

"तुमच्या विषयातलं सगळं होऊन गेलेलं असतं. त्याची कसली परीक्षा घेता?"

"आणि तुमच्या विषयातलं दर तीन वर्षांनी चुकीचं ठरतं. मग आधीच्या बॅचला दिलेले मार्क परत मागता का?"

इथवर ठीक होते. पण आदेश आल्यापासून वादाची जात बदलली होती. प्रश्न आता कोणता विषय मोठा हा नव्हता. शाळेचे संस्थापक, कैलासवासी तात्यासाहेब मोहोळकर, यांच्या मनात काय होते, हा होता. त्यामुळे दुधगावकर सर रोज जुनी कागदपत्रे चाळू लागले आणि खरमाटे मॅडम प्रत्येक विधानाला प्रयोग मागू लागल्या.

"तात्यासाहेब दूरदृष्टीचे होते. शाळा विज्ञानासाठीच काढली त्यांनी," सर म्हणाले.

"पुरावा?"

"सगळेच म्हणतात."

"सगळेच म्हणतात, हे विज्ञानात चालतं?"

"मग तुमच्याकडे काय आहे?"

"त्यांच्या बैठकीत भिंतीवर तलवार होती. फोटो आहे."

"माझ्या सासूच्या ओट्यावर मिक्सर आहे. म्हणून ती काय तंत्रज्ञ झाली?"

मुख्याध्यापक सोनवलकर कपाटातून संस्थेचे पहिले इतिवृत्त घेऊन आले. सोनवलकर सरांचे मत नेहमी शेवटी बोललेल्या माणसासारखे असे, म्हणून ते शक्यतो सगळ्यांचे बोलून होईपर्यंत आत येत नसत. त्यांनी उद्घाटनाच्या दिवसाचे पान काढून मोठ्याने वाचले: "'संस्थापक-अध्यक्षांनी शाळेच्या ध्येयाविषयी मौलिक विचार मांडले. त्यानंतर चहापान झाले.'"

"मौलिक म्हणजे काय मांडले?" मॅडमनी विचारले.

"ते नाही लिहिलं. चहापानाचं मात्र पाऊण पान आहे. चिवडा कमी पडला होता."

त्यावर भित्तिश्रवणाची कल्पना दुधगावकर सरांनी मांडली, आणि ती मांडताना त्यांचा चेहरा असा होता, की जणू यंत्र त्यांच्याच परसात वाढले होते.

*

पुण्याच्या ध्वनिपदार्थ संशोधन केंद्रात भित्तिश्रवण विभागाच्या प्रमुख होत्या डॉ. सानिका येळापुरे, हितवर्धिनीच्याच माजी विद्यार्थिनी. दहावीला विज्ञानात त्यांना शंभरपैकी शंभर होते आणि इतिहासात छत्तीस. त्यामुळे दुधगावकर सर प्रयोगशाळेत शिरले ते घरच्यासारखे, आणि खरमाटे मॅडम मागून.

शाळेच्या सभागृहाच्या भिंतीचा एक पोपडा त्यांनी पोळीच्या डब्यातून आणला होता. सानिकाने तो चिमट्याने उचलून दिव्याखाली धरला.

"मॅडम, चुना घट्ट कसा होतो?"

"वाळून."

"वाळतात ते कपडे. चुना हवा खातो. हवेतला कर्बवायू ओढून त्याचा परत दगड होतो, कणाकणानं. आता तुम्ही विरजण लावलं आणि दही धरता धरता भांडं हललं, तर काय होतं?"

"भेगा पडतात. पाणी सुटतं."

"भिंतीचंही तेच. कण धरत असताना जवळ कोणी बोललं, की हवा थरथरते, ओल्या गिलाव्याची साय थरथरते, आणि त्या क्षणाला जे कण धरत असतात ते किंचित कलतात. कललेलेच दगड होतात. याला आम्ही ध्वनिगोठण म्हणतो. यंत्र फक्त कल मोजतं आणि त्याचा परत आवाज करतं."

"आणि आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं?" दुधगावकर सरांनी विचारले.

"वरचा पापुद्रा आधी धरतो, आतला मागाहून. जितकं खोल जाल तितकं नंतरचं. असं महिनाभर. मग भिंत बहिरी होते, ती कायमची. पुढं तिच्यासमोर शंभर वर्षं बोंबला, तिला ऐकू येत नाही."

"वर्गात बसलेल्यांसारखंच," मॅडम म्हणाल्या.

"पण बोलणारा कोण, हे यंत्र सांगत नाही हां. काय बोललं गेलं तेवढं ते सांगतं. कोण बोललं, कोणाला बोललं, कशासाठी बोललं, ते तुमचं खातं." सानिकाने चिमटा खाली ठेवला. "तुम्ही शिकवलं होतं नववीला. तेवढंच लक्षात आहे, म्हणून छत्तीस."

मग तिने खरी अडचण सांगितली. तात्यासाहेबांचे भाषण भिंतीत सापडायचे तर उद्घाटनाच्या दिवशी भिंत ओली हवी होती. दुधगावकर सरांचा चेहरा पडला.

"संपलं. उद्घाटन म्हणजे इमारत पुरी झाल्यावर होणार. कोरडी ठणठणीत."

खरमाटे मॅडम त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या. "सर, उद्घाटनाच्या दिवशी पुरी झालेली एक तरी सार्वजनिक इमारत तुम्ही पाहिलीत?"

त्यांनी पिशवीतून इतिवृत्ताची नक्कल काढली. उद्घाटन ठरले होते जूनमध्ये. मंत्रिमहोदयांना सवड होती ती अक्षय्य तृतीयेला. म्हणून उद्घाटन आधी झाले आणि बांधकाम मागून. पुढच्याच सभेत एक ठराव होता: 'सभागृहाच्या भिंतीस टेकल्याने मा. मंत्रिमहोदयांच्या कोटास चुना लागल्याबद्दल ही सभा दिलगिरी व्यक्त करते.'

सानिकाने ठराव दोनदा वाचला. "गिलावा जेमतेम आठ दिवसांचा असणार. मॅडम, हे मी सहा वर्षांत कुठल्याही उपकरणानं सिद्ध करू शकले नसते."

परतीच्या बसमध्ये दुधगावकर सरांनी ठरावाची नक्कल मागून घेतली आणि पुन्हा वाचली. मॅडमनी खिडकीबाहेर बघत त्यांना एक चिक्की दिली.

*

यंत्र दिसायला इस्त्रीसारखे होते. सानिकाने ते सभागृहाच्या व्यासपीठाजवळच्या भिंतीवर टेकवले, तेव्हा समोर खुर्च्यांवर चौघे बसले होते: दोन शिक्षक, मुख्याध्यापक, आणि मधल्या मोठ्या खुर्चीत संस्थेचे अध्यक्ष विहानराव मोहोळकर. विहानराव हे तात्यासाहेबांचे पणतू. शताब्दीच्या समारंभात संस्थापकांचे मूळ शब्द ध्वनिक्षेपकावरून ऐकवावेत, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी निमंत्रणपत्रिका छापूनही झाली होती.

वरचा पापुद्रा सुरू झाला. आधी नुसती खरखर, मग थाप्यांचा आवाज, आणि त्यातून एक माणूस स्पष्ट म्हणाला, "आज परत मेथी?"

"हे जाऊ दे," सानिका म्हणाली. "हे सगळीकडे असतं."

सात दिवस मेथी, गवार आणि मुकादमाची निंदा यांत गेले. आठव्या दिवशी खुर्च्या सरकल्या, बँड वाजला आणि एक भारदस्त आवाज बोलू लागला. मधूनमधून कोणी तरी 'तात्यासाहेबांचा विजय असो' म्हणत होते, त्यामुळे ओळख पटवण्याचे काम सोपे झाले. विहानरावांनी डोळे पुसले. चाळीस मिनिटे आभार झाले. मंत्र्यांचे, कलेक्टरांचे, मामलेदारांचे, मंडपवाल्याचे. मग आवाज खाली आला.

"मित्रहो, ही शाळा कशासाठी?"

खरमाटे मॅडमनी पदर घट्ट धरला. दुधगावकर सर खुर्चीच्या टोकावर आले.

"इतिहास हा समाजाचा उजवा डोळा आहे, आणि विज्ञान हा डावा. दोन्ही डोळे उघडे ठेवून ही शाळा उद्याकडे पाहील." टाळ्या.

टाळ्या ओसरायच्या आत दोघे शिक्षक एकमेकांकडे वळले.

"उजवा म्हणाले आधी," मॅडम म्हणाल्या.

"आधी म्हणाले म्हणजे महत्त्वाचा? आभारात मंडपवाला शेवटी होता, पण मंडप नसता तर?"

"उजवा हात, उजवा डोळा. उजवं ते उजवंच."

"काळीज डावीकडे असतं, मॅडम."

"डोळ्यांचं चाललंय, सर."

"दोघांचंही बरोबर आहे," सोनवलकर सर म्हणाले, कारण यानंतर दोघेही एकदमच बोलू लागले होते.

"झालं तर मग," विहानराव उठले. "दोन डोळे मिळाले. छान आहे. यंत्र बंद करा."

"नाही करता येणार," सानिका म्हणाली. "आदेशात अखंड पुरावा मागितलाय. महिन्याचा थर पुरा वाचल्याशिवाय मला सही करता येत नाही. आणि डोळे हे शोभेचं वाक्य आहे, ते मंडळ धरणार नाही."

तिने यंत्राची कळ फिरवली. इस्त्री केसभर खोल गेली.

खुर्च्या गोळा केल्याचे आवाज आले. पावले लांब गेली. मग तोच भारदस्त आवाज, पण आता भारदस्तपणा अंगरख्यासारखा काढून ठेवलेला.

"गेले का सगळे?"

"गेले, तात्यासाहेब. मंत्र्यांचा कोट तेवढा भरला."

"भरू दे. सिमेंट तर निघालं ना त्यांच्या सहीनं. वखारीसाठी परमिट मागत बसलो असतो, तर जन्म गेला असता. शाळा म्हटलं, आठ दिवसांत सही."

"पण आता पोरं येणार की हो."

"येऊ देत. दोन वर्षं काढायची. वखारीचा परवाना हातात आला, की पोरांना देवळात बसवू आणि इथं शेंगांची पोती. खिडक्या वर घेतल्यात ना, सांगितल्याप्रमाणं? शेंगांना ऊन लागता कामा नये."

"घेतल्यात. पण पोरांना फळा दिसायचा नाही त्या उजेडात."

"फळ्याचं काय घेऊन बसलाय, दिवाणजी. बुरशी लागली तर वर्षाचा माल जातो."

सभागृहातल्या पाचही जणांनी मान वर केली. खिडक्या सात फुटांवर होत्या. विद्यार्थ्यांचे मन बाहेर भरकटू नये म्हणून तात्यासाहेबांनी त्या मुद्दाम उंच ठेवल्या, असा लेख शाळेच्या नव्वदीच्या स्मरणिकेत होता. तो खरमाटे मॅडमनीच लिहिला होता.

"हा आवाज तात्यासाहेबांचा नाही," विहानराव म्हणाले.

"मग कोणाचा?" सानिकाने विचारले.

"गवंड्याचा."

"गवंडी परमिट काढतो?"

विहानराव निमंत्रणपत्रिका घेऊन बाहेर पडले.

*

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत विहानरावांनी खरमाटे मॅडमना कार्यालयात बोलावले आणि स्वतः उठून खुर्ची दिली. बावीस वर्षांत असे झाले नव्हते, म्हणून त्या बसल्या नाहीत.

"मॅडम, आवाज कोणाचा हे इतिहासानं सांगायचं. म्हणजे तुम्ही. एकच ओळ लिहा: 'दुसऱ्या थरातील व्यक्तीची ओळख पटत नाही.' खोटं कुठंय त्यात? पटत नाही, इतकंच."

"आणि शाळेचा हेतू?"

"उजवा डोळा. बारा तास इतिहासाला. मंडळातल्या लोकांना मी सांभाळतो. तुमचे सासरे कसे आहेत?"

मॅडम कोरे प्रमाणपत्र घेऊन बाहेर आल्या आणि पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर बसल्या. दर वर्षी नववीला पहिल्या धड्यात त्या एकच गोष्ट सांगत: माणूस व्यासपीठावर काय बोलला ते लिहून घ्या, पण व्यासपीठावरून उतरल्यावर काय बोलला ते आधी शोधा. बावीस तुकड्या हे वाक्य पाठ करून गेल्या होत्या. त्यातल्या एकीला फक्त तेवढेच आले होते, आणि ती काल इस्त्री घेऊन आली होती. मॅडमनी लिहिले, 'दुसऱ्या थरातील व्यक्तीची', आणि पेन थांबले. शनिवारची एसटी नसते. म्हातारा शनिवारीही विचारणारच, आज कोण मेलं.

शेजारी दुधगावकर सर येऊन बसले. त्यांच्याही हातात प्रमाणपत्र होते.

"तुम्हालाही बोलावलं होतं?" मॅडमनी विचारले.

"नाही."

"काय लिहायला सांगितलं?"

सरांनी हातातले प्रमाणपत्र गुडघ्यावर ठेवले. "'यंत्रात बिघाड संभवतो.'"

"आणि काय देणार?"

"बारा तास."

"मलाही बाराच."

"चोवीस झाले," सर म्हणाले. "आठवड्यात चौदा आहेत."

मग सरांनी फळ्यावर मांडावे तसे बोटाने कट्ट्याच्या धुळीत चार चौकोन काढले.

"बघा. मी खरं लिहिलं आणि तुम्ही खोटं, तर तुम्ही खोट्या ठरता. नोकरीच जाते, डोंगरपिंपळही राहत नाही. तुम्ही खरं लिहिलं आणि मी खोटं, तर माझी जाते."

"आणि दोघांनी खोटं?"

"मग उरतात दोन डोळे. मंडळ म्हणणार, शोभेचं वाक्य. पुरावाच नाही. शाळाच अतिरिक्त."

"म्हणजे दोघांनी खरं लिहावं."

"लिहावं. पण तुम्ही खरंच लिहाल, याची खात्री काय?"

"काही नाही. तुमची?"

"माझीही नाही."

"तसं मी कालच ठरवलं होतं खरं लिहायचं," मॅडम म्हणाल्या.

"मी पण," सर म्हणाले. दोघांनी एकमेकांचे कागद पाहिले. एकावर 'दुसऱ्या थरातील व्यक्तीची' होते, दुसऱ्यावर 'यंत्रात'.

मॅडमनी आपले वाक्य पुढे नेले: 'दुसऱ्या थरातील व्यक्तीची ओळख निःसंशय पटते. ते संस्थापकच आहेत. त्यांचे खासगीतले बोलणे जाहीर भाषणापेक्षा अधिक विश्वसनीय मानावे लागते.' सरांनी लिहिले, 'यंत्रात कोणताही दोष आढळला नाही.' मग एकमेकांसमोर सह्या केल्या, एकमेकांच्या कागदाखाली साक्षीदार म्हणूनही केल्या, आणि कागद सानिकाच्या सहीच्या अहवालासह एकाच पाकिटात घालून दोघे मिळून पोस्टात गेले. वाटेत पाकीट दोघांनी दोन बाजूंनी धरले होते.

घरी सासऱ्यांनी विचारले, "आज कोण मेलं?"

"तात्यासाहेब मोहोळकर," मॅडम म्हणाल्या.

"ते तर मागंच गेले," म्हातारा म्हणाला आणि पेज मागितली.

*

मंडळाचे उत्तर विसाव्या दिवशी आले. विहानराव आणि सोनवलकर सर यांच्यासमोर दोन्ही शिक्षकांना बसवून ते वाचण्यात आले.

मंडळाने शाळेचे अभिनंदन केले होते. राज्यातून आलेल्या अकरा हजार प्रस्तावांपैकी अखंड, शोभारहित आणि दोन विषयतज्ज्ञांनी परस्परांच्या साक्षीने प्रमाणित केलेला पुरावा हा एकच होता. इतर सगळ्यांनी डोळे, पंख किंवा रथाची चाके पाठवली होती. सदर पुराव्यावरून संस्थापकांचा मूळ हेतू शेंगांची वखार हा असल्याचे सिद्ध होते. सबब हितवर्धिनी विद्यालयात 'वखार व्यवस्थापन' या विषयास बारा तासिका देण्यात याव्यात; इतिहासास एक, विज्ञान-तंत्रज्ञानास एक. अनुपालन अहवाल तीस दिवसांत पाठवावा.

"एकेक तास," दुधगावकर सर हळूच म्हणाले. "मॅडम, डोंगरपिंपळला जागा एकच आहे."

"पुढं वाचा," मॅडम सोनवलकर सरांना म्हणाल्या. आदेशाचा शेवटचा परिच्छेद आधी वाचायचा, ही सवय त्यांना इतिहासाने लावली होती. आज त्या धसक्याने ती विसरल्या होत्या.

शेवटच्या परिच्छेदात म्हटले होते, की वखार व्यवस्थापन शिकवण्याची पात्रता असलेला शिक्षक राज्यात उपलब्ध नाही. अशा वेळी रिक्त पदावर त्याच शाळेतील अतिरिक्त शिक्षकांना सामावून घ्यावे. अतिरिक्त दोन असल्यास तासिका समसमान वाटाव्यात.

विहानरावांनी मंडळाच्या विरोधात जाण्याचा विचार केला आणि सोडला, कारण विरोधात जायचे तर तात्यासाहेबांचे ते बोलणे वरच्या मंडळासमोर परत वाजवावे लागले असते. शताब्दीच्या समारंभात ध्वनिक्षेपकावरून फक्त बँड ऐकवला गेला. तोही भिंतीतलाच होता, आणि लोकांनी तो मूळ असल्याचे कळल्यावर उभे राहून ऐकला.

जूनपासून खरमाटे मॅडम सहा तास घेऊ लागल्या. वखार का लागते, हे सांगायचे तर दुष्काळ सांगावा लागतो. दुष्काळ सांगायचा तर शेतसारा, साऱ्यासाठी राज्य, राज्यासाठी लढाई आणि लढाईनंतर तह. कलमे पाठ करून घ्यावी लागत. दुधगावकर सरांच्या सहा तासांत बुरशी, ओलावा, उंदरांची वंशवाढ आणि पोत्यांच्या थप्पीचा गुरुत्वमध्य. चुना हवा खातो, हेही त्यात आले. शिक्षकखोलीत दोघे समोरासमोर बसून भांडत, पण आता वखार व्यवस्थापनात उंदीर महत्त्वाचा की दुष्काळ, यावर. सोनवलकर सरांना दोन्ही पटे.

"दुष्काळ नसता तर वखारच नसती," मॅडम म्हणत.

"आणि उंदीर नसता तर व्यवस्थापन नसतं," सर म्हणत.

पहिल्या वर्षी वखार व्यवस्थापनाचा निकाल शंभर टक्के लागला. सोनसळच्या पंचक्रोशीत वखार एकही नाही; शेंगा लावणे लोकांनी चाळीस वर्षांपूर्वीच सोडले.